खाल्लेले सात कैदी

माझ्या मुलीचं नाव ठरवण्याच्या कामी मला भर दुपारी, दोन ज्येष्ठ नागरिकांसमोर, कैदी खाल्ल्याची कबुली द्यावी लागली. आपल्यावर अशी वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सरळमार्गी बाई आहे. एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, आर. के. पुरममध्ये तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते, आणि फाइलवर 'चर्चा करा' एवढाच शेरा आला तरी मला रात्री झोप लागत नाही.

मुलगी झाली डिसेंबरात. संक्रांत जवळ आलेली, म्हणून सासूबाईंनी ठरवलं की बारसं आणि बोरन्हाण एकाच रविवारी उरकायचं, दिल्लीच्या थंडीत लोकांना दोनदा कशाला बोलवायचं. मला काही हरकत नव्हती. नाव तर माझं केव्हाच ठरलं होतं. सातव्या महिन्यापासून मी पोटावर हात ठेवून तिला 'जुई' म्हणून हाक मारत होते, आणि ती लाथ मारून ओ देत होती. दोन अक्षरी, हलकं, कुठल्याही फॉर्मच्या चौकोनात मावणारं नाव. इकडचे लोक 'जूही' म्हणतील, म्हणू देत.

घोळ घातला माझ्या नवऱ्याने. श्याम नोएडाच्या एका न्यूज चॅनेलमध्ये आहे. मी लेबर रूममध्ये असताना बाहेर कॉरिडॉरमध्ये दोन आजोबांची जुंपली. माझे सासरे भाऊसाहेब म्हणत होते, मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव, चंद्रप्रभा. माझे बाबा म्हणत होते, माझ्या आईचं, विजयालक्ष्मी. मुलीकडच्या बाजूचं नाव एकदा तरी लागू दे की. तेव्हा श्यामने हात जोडून सांगितलं, "तुम्ही दोघं मिळून जे ठरवाल ते आम्हाला बिल्कुल मान्य." या चॅनेलवाल्यांना भांडणं लावायची सवय असते, मिटवायची नसते. शब्द देऊन बसला, आणि आमच्या घरात दिलेला शब्द म्हणजे राजपत्रात छापलेली अधिसूचना.

आता चंद्रप्रभा हे काय साडेतीन किलोच्या जिवाला ठेवायचं नाव आहे? शाळेत पोरं 'सी. पी.' म्हणतील, आणि दिल्लीत सी. पी. म्हटलं की माणसं कॅनॉट प्लेसची मेट्रो पकडतात. विजयालक्ष्मी तर हाक मारून संपेपर्यंत मूल रस्ता ओलांडून जाईल. पण मला कोणी विचारलंच नाही. मी एकदा तोंड उघडलं तर भाऊसाहेब म्हणाले, "अरुणा, तू सध्या मॅटर्निटी लीव्हवर आहेस." जसं काही मुलगी ऑफिसच्या कामात मोडते!

सहा आठवडे दोघांनी एकमेकांना व्हॉट्सॅपवर 'सुप्रभात' पाठवण्यापलीकडे तडजोड केली नाही. शेवटी बारशाच्या आदल्या शनिवारी त्यांनी तोडगा काढला. एक डाव खेळायचा. जो जिंकेल त्याच्या आईचं नाव.

डाव कसला, तर तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा. माझे बाबा, विश्वनाथराव, मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षं होते. तिथल्या ओकुमुरा-सान नावाच्या जपानी मॅनेजरने त्यांना जेवणाच्या सुट्टीत हा खेळ शिकवला. बाबा त्याला 'गो' म्हणतात. भाऊसाहेब अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, पण त्याआधी तीन वर्षं पेइचिंगच्या वकिलातीत होते, आणि तिथे बागेत बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडून ते हाच खेळ शिकले. ते त्याला 'वेइची' म्हणतात. खेळ एकच आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दुसरा माणूस तो नक्कल करून शिकलाय हेही दोघांना ठाऊक होतं. म्हणून व्याही होऊन सहा वर्षं झाली तरी एकमेकांशी कधी खेळले नव्हते. सुमित्राबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "खेळले असते तर सोयरीक टिकली नसती."

माझी आई असती तर तिने बाबांना आवरलं असतं, पण ती बंगलोरला माझ्या वहिनीच्या बाळंतपणाला गेली होती. तिकडे मुलगा झाला आणि त्याचं नाव पाच मिनिटांत ठरलं, हे तिने मला फोन करून दोनदा सांगितलं.

शनिवारी बारा वाजता, धुकं विरून ऊन पडल्यावर, बाबा गुडगावहून आले. सोबत प्लायवूडचा पट, त्यावर पट्टीने आखलेल्या तेरा उभ्या आणि तेरा आडव्या रेघा. मागे चिठ्ठी चिकटवलेली: 'गो पट, लहान, तपासला.' मोठा पट एकोणीस रेघांचा असतो, पण एवढ्या सोंगट्या घरात नव्हत्या. भाऊसाहेबांच्या संचातला पांढऱ्या सोंगट्यांचा डबा एका बदलीत सामानासोबत हरवला होता. त्यांनी वाहतूकदाराला पाठवलेल्या पत्राला अजून उत्तर आलेलं नाही आणि ते अजून वाट पाहतात. काळ्या सोंगट्या होत्या. पांढऱ्यांचं काय?

"हलवा आहे," सासूबाई म्हणाल्या.

नातीच्या दागिन्यांसाठी त्यांनी चार दिवस परातीत तीळ हलवत, बोटं भाजून घेत, छान काटेरी पांढरा हलवा केला होता. त्यातले टपोरे दाणे त्यांनी निवडून दिले. बाबांनी एक दाणा उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "साइजमध्ये फरक आहे." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं तपासणीचं काम तिथेच थांबलं.

मग काळ्या कोणाच्या? नाणं उडवलं, काळ्या बाबांच्या. काळा आधी खेळतो, म्हणून त्याचा फायदा. तो फेडायला पांढऱ्याला शेवटी काही गुण वर द्यायचे असतात. अर्धा गुण मुद्दाम ठेवतात, बरोबरी होऊ नये म्हणून. भाऊसाहेब म्हणाले, "साडेसात."

"साडेसहा," बाबा म्हणाले.

"आमच्याकडे साडेसातच देतात."

"व्याही, उद्या घरात बारसं आहे. आज कुठे साडेसात-साडेसाती काढता?"

भाऊसाहेब शनिवारी मारुतीला तेल वाहणारे गृहस्थ. साडेसहावर दोघांनी हात मिळवले. खेळ सुरू होण्याआधी ठरवण्यासारखं आणखीही काही असतं, हे त्या दोघांच्याही मनात आलं नाही. कसं येणार? आपण शिकलो तोच नियम, बाकीच्यांनीही तोच पाळायचा, या समजुतीवर दोघांनी उभी हयात काढली होती.

आमच्या क्वार्टरपुढे हातभर लॉन आहे. तिथे खुर्च्या मांडल्या. सासूबाई विणकाम घेऊन बसल्या, मी मुलीला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले, आणि डाव सुरू झाला.

खेळ साधा आहे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली हलवायची नाही. रिकामी जागा घेरत जायचं. समोरच्याची सोंगटी चहूबाजूंनी कोंडली गेली की ती कैद झाली, पटावरून उचलून घ्यायची. एवढंच. एवढ्यासाठी माणसं तीन-तीन तास बसतात.

बाबा प्रत्येक खेळीआधी पटाची कड रुमालाने पुसत, मान लववत आणि टक्क आवाज करून सोंगटी ठेवत. भाऊसाहेब हलव्याचा दाणा ठेवत, पण बोट उचलत नसत.

"बोट काढा," बाबा म्हणत.

"थांबा. हा मसुदा आहे."

"गो-मध्ये मसुदा नसतो!"

"म्हणून तुमच्या गाड्या परत मागवाव्या लागतात."

हे असं चाललं होतं. अधूनमधून हलवा बोटाला चिकटून परत येई आणि मग ती खेळी झाली की नाही यावर पाच मिनिटं जात. सासूबाई सुया चालवत म्हणाल्या, "एवढ्या वेळात मी दुसरी मुलगी वाढवली असती."

मला मात्र हसू येत नव्हतं. मी त्या पटाकडे बघत होते आणि मला कळत होतं की काळा जिंकला काय आणि पांढरा जिंकला काय, माझी जुई जाणार. मांडीवर ती झोपली होती. मी मनातल्या मनात तिला जुई म्हणत होते, आणि उद्यापासून म्हणता येणार नाही, या विचाराने मला रडू येत होतं. बाळंतिणीला तसंही कशानेही रडू येतं. आणि कशानेही भूक लागते. सकाळी दोन डिंकाचे लाडू खाल्ले होते, अळिवाची खीर झाली होती, तरी पोटात खड्डा. माझ्या शेजारच्या स्टुलावर एक वाटी होती. तिच्यात पांढरा हलवा होता. मी रडू गिळत होते आणि सोबत एकेक दाणा तोंडात टाकत होते. हे मी जाणूनबुजून केलं नाही, हे आजही शपथेवर सांगते.

पावणेचारला पट भरत आला. सीमा बंद झाल्या. दोघांच्या मधे एकच जागा उरली, जी कोणाचीच नव्हती. बाबांनी तिथे शेवटची काळी सोंगटी ठेवली. भाऊसाहेब म्हणाले, "पास." बाबा म्हणाले, "पास." दोघांनी पास म्हटलं की डाव संपतो. आता हिशेब.

तेवढ्यात वृंदाचा फोन आला. वृंदा म्हणजे श्यामची धाकटी बहीण, मुलीची आत्या. ती नोएडात फुगेवाल्याच्या दुकानात उभी होती. "वहिनी, नाव बोल ना यार. भिंतीवर लावायचे इंग्रजी अक्षरांचे फुगे घ्यायचेत. हा भैया पाच वाजता शटर ओढतो. आणि तेरा अक्षरं असतील तर त्याच्याकडे दोनच 'ए' आहेत."

"मोजणी चाललीय," मी म्हटलं.

"कसली मोजणी?"

मी फोन ठेवला.

पटावर काळ्यांच्या कोपऱ्यात दोन पांढरे दाणे अडकून पडले होते. बाबा म्हणाले, "हे दोन मेलेत."

"मेलेत कशावरून?" भाऊसाहेब.

"चारी बाजूंनी कोंडलेत. सुटका नाही."

"कोंडलाय म्हणून माणूस मेला असं धरायचं? मग निम्मं मंत्रालय मेलंय. काही दाखला?"

बाबांनी त्यांना खेळून दाखवलं, की या दाण्यांनी इकडे हात-पाय मारले तर असे, तिकडे मारले तर तसे, मरण अटळ. मग सोंगट्या पुन्हा होत्या तशा मांडल्या. भाऊसाहेबांनी दोन्ही दाण्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि खिन्न आवाजात म्हणाले, "मान्य. माझ्याकडून दुखवटा कळवा." बाबांनी ते दोन दाणे उचलले, स्टुलाकडे वळले आणि वाटीत टाकायला गेले.

वाटी रिकामी होती.

"माझे कैदी कुठेत?" बाबा म्हणाले.

बाबांनी स्टुलाखाली पाहिलं, गवतात पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या तोंडाकडे आली. माझ्या ओठाला साखर होती.

"अरुणा."

"बाबा, मला वाटलं हलवा आहे."

"हलवाच होता! पण कैदी होता तो! दोन तास घाम गाळून पकडले एकेक! कैदी म्हणजे गुण. प्रत्येक कैद्याचा एक गुण. पोटच्या पोरीने माझे गुण खाल्ले!"

"किती खाल्लेस?" सासूबाईंनी विचारलं.

"मोजले नाहीत," मी म्हटलं आणि खरंच रडायला लागले. मुलगीही जागी होऊन रडायला लागली. बाबा कपाळाला हात लावून खाली बसले, म्हणाले, डाव रद्द, आता मोजणार कसं.

भाऊसाहेब मात्र शांत होते. त्यांनी मफलर नीट केला. "विश्वनाथराव, पण त्या कैद्यांचं करायचंय काय? डाव संपला की कैदी डब्यात परत. मोजणीशी त्यांचा संबंध काय?"

"संबंध काय म्हणजे? आपण घेरलेल्या रिकाम्या जागा मोजायच्या आणि त्यात कैदी मिळवायचे. याला मोजणी म्हणतात."

"आणि पटावरच्या सोंगट्या?"

"त्या कशाला मोजायच्या?"

भाऊसाहेब उठून उभे राहिले. "रिकाम्या जागा अधिक आपल्या पटावरच्या जिवंत सोंगट्या. याला मोजणी म्हणतात!"

सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या लक्षात आलं की समोरचा माणूस दुसऱ्याच कायद्याखाली जगतोय. एकाची जपानी मोजणी, दुसऱ्याची चिनी. बाबांचा तर चेहराच पडला.

"नुसतं पटावर बसल्याचा गुण? काही न करता? हजेरी लावली की पगार? हे फक्त सरकारी माणसालाच सुचू शकतं!"

"आणि तुमच्यात काय?" भाऊसाहेब कडाडले. "आपल्याच घरात एक सोंगटी जास्त ठेवली की गुण कमी? माणूस स्वतःच्या घरात बसला तर दंड? कारखाना आहे की तुरुंग?"

"ओकुमुरा-सान म्हणायचे, अनावश्यक काम हाच खरा तोटा."

"आणि बागेतले आमचे म्हातारे म्हणायचे, जो टिकला तो मोजा, जो मेला त्याला मोजून काय करता!"

शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई कपडे काढायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "सब ठीक है ना, आंटी?" सासूबाई म्हणाल्या, "हां हां, प्यार से खेल रहे हैं."

शेवटी भाऊसाहेबांनी आधी मोजावं असं ठरलं. पटाला हात लावू द्यायला बाबा तयार नव्हते, म्हणून सासूबाईंनी विणायची जादा सुई दिली आणि भाऊसाहेब सुईचं टोक टेकवत टेकवत मोजू लागले. पटावर एकशे एकोणसत्तर जागा. काळ्याच्या, सोंगट्या आणि रिकाम्या धरून, अठ्ठ्याऐंशी. पांढऱ्याच्या एक्याऐंशी. त्यात वरचे साडेसहा घातले की साडेसत्त्याऐंशी.

त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग सुई परत केली, कोटाची बटणं लावली आणि हात पुढे केला. "विश्वनाथराव, अभिनंदन. मी अर्ध्या गुणाने हरलो."

विजयालक्ष्मी. मी मुलीला घट्ट धरलं.

पण बाबांनी हात मिळवला नाही. "मी असा जिंकणार नाही."

"असा म्हणजे?"

"हजेरीच्या गुणांवर. मला नको. माझ्या पद्धतीने मोजल्याशिवाय मी निकाल मानत नाही."

"तुमचे कैदी सूनबाईंच्या पोटात आहेत."

तिथे माझ्यातली सेक्शन ऑफिसर जागी झाली. बाळंतपणाने डोकं जरा सुस्त झालं होतं, पण हरवलेली कागदपत्रं उरलेल्या कागदांवरून उभी करण्यात माझा हात धरणारा ऑफिसच्या मजल्यावर कोणी नाही. मी नाक पुसलं. "बाबा, पटावर तुमच्या काळ्या किती? बावन्न. भाऊसाहेबांकडे कैद काळ्या चार, त्या खऱ्या आहेत, त्या मी खाल्लेल्या नाहीत. म्हणजे तुम्ही छप्पन्न वेळा खेळलात. पहिली खेळी तुमची, शेवटची तुमची, मधे कोणी पास केलं नाही. म्हणजे भाऊसाहेब पंचावन्न वेळा खेळले. पटावर पांढरे शेहेचाळीस. पंचावन्नातून शेहेचाळीस गेले नऊ. दोन तुमच्या हातात आहेत. मी सात खाल्ले."

"सातच?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं बरेच असतील. भूक लागली होती तर सांगायचं नाही का?"

बाबांच्या डोळ्यांत अभिमानाने पाणी आलं. मग ते मोजायला बसले. काळ्याने घेरलेल्या रिकाम्या जागा छत्तीस, अधिक नऊ कैदी, पंचेचाळीस. पांढऱ्याच्या पस्तीस, अधिक चार कैदी, एकोणचाळीस, अधिक साडेसहा. साडेपंचेचाळीस.

बाबांनी पटाची कड एकदा रुमालाने पुसली. मग उठले, कमरेत वाकून भाऊसाहेबांना नमस्कार केला आणि समाधानाने म्हणाले, "अर्ध्या गुणाने हरलो मी. अभिनंदन, व्याही. चंद्रप्रभा."

"मुळीच नाही!" भाऊसाहेब म्हणाले. "हरलोय मी. विजयालक्ष्मी."

"मी हरलो म्हणतो ना!"

"तुमच्या त्या कैदीखात्याने मला जिंकवू नका. हे मला मान्य नाही. मी नियमाने हरलोय, मला नियमाने हरू द्या!"

देवा रे. दोघांपैकी कोणीही समोरच्याचा नियम मान्य करून जिंकला असता. एक शब्द काढायचा होता: 'बरं.' आईचं नाव लागलं असतं. पण नाही. आईच्या नावासाठी सहा आठवडे भांडलेली माणसं आता नियमासाठी एकमेकांच्या आईचं नाव एकमेकांच्या गळ्यात मारत होती, तेवढ्याच जोराने. बाबा म्हणत होते चंद्रप्रभा किती भारदस्त आहे. भाऊसाहेब म्हणत होते विजयालक्ष्मीला तोड नाही.

मला काय करायचं ते लख्ख दिसलं. मी आत गेले आणि दोन कोरे कागद आणि दोन पेनं घेऊन आले. "तोंडी नको," मी म्हटलं. "लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर दोघंही खूश. भाऊसाहेबांनी वरच्या कोपऱ्यात तारीख घालून लिहिलं की निम्नस्वाक्षरीकार आजच्या डावात पराभूत झाला असून सदर पराभव त्यास मान्य आहे. बाबांनी लिहिलं, 'मी हरलो. कारण: अर्धा गुण. पुढील सुधारणा: कोपरा.' दोघांनी सह्या ठोकल्या. मी कागद घेतले, वाचले आणि घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवले.

"अट अशी होती की जो जिंकेल तो नाव ठेवेल," मी म्हटलं. "दोन्ही पक्षांनी लेखी कळवलंय की आपण हरलो. जिंकलेला पक्ष रेकॉर्डवर नाही. अशा वेळी प्रकरण मूळ विभागाकडे परत जातं. बरोबर ना, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी पस्तीस वर्षं हेच केलं होतं. त्यांना नाही म्हणता येईना. "मूळ विभाग कोणता?" त्यांनी सावधपणे विचारलं.

मी मुलीला उचलून दाखवलं. "ही ज्या विभागातून आली तो."

सासूबाई इतक्या हसल्या की सुईवरचे टाके सुटले.

"नाव जुई," मी म्हटलं. पहिल्यांदाच मी ते त्यांच्यापुढे मोठ्याने म्हटलं होतं.

मग भाऊसाहेबांनी विचारलं, "कोणाच्या आईचं नाव?"

"कोणाच्याच नाही. तिचं."

बाबा हळूच म्हणाले, "माझी आई पण... तिला विजयालक्ष्मी म्हणून कोणी कधी हाकच मारली नाही. रेशनकार्डावर तेवढी होती. मला वाटलं, निदान आता कोणी तरी त्या नावाने ओ देईल."

"आणि ते नाव तरी त्यांचं स्वतःचं कुठे हो?" सासूबाई टाके उचलत म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंचंही तसंच. चंद्रप्रभा हे लग्नात ठेवलेलं. तेव्हा सगळ्यांचीच बदलायचे. अहो, तुमच्या आईचं माहेरचं नाव काय होतं?"

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. या माणसाला कुठल्या साली कुठलं परिपत्रक कुठल्या तारखेला निघालं ते क्रमांकासकट पाठ आहे. ते आठवत राहिले. उन्हाचा पट्टा लॉनवरून भिंतीवर चढला तरी आठवत राहिले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं.

सहा आठवडे मला दोघांचा राग येत होता. तो एकदम कुठे गेला कळलं नाही. दोन म्हातारी माणसं, एकाहत्तर आणि अडुसष्ट वर्षांची, आणि आपल्या आईचं नाव काय होतं हे त्यांना सांगता येत नव्हतं. ते विचारायला आता कोणी उरलंही नव्हतं. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, म्हणून मी जाऊन बसले.

थोड्या वेळाने भाऊसाहेबांनी आणखी एक कागद मागितला. त्यांनी लिहिलं: सदर मुलीचे नाव जुई. हे नाव विवाहप्रसंगी, विवाहानंतर अथवा अन्य कोणत्याही निमित्ताने कोणीही बदलू नये. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "एक अट राहिली. 'तिने स्वतः ठरवल्याखेरीज.'" भाऊसाहेब म्हणाले, अपवाद आधी घालायचा नसतो, शेवटी घालायचा असतो. बाबा म्हणाले, जे महत्त्वाचं ते आधी. यावर दहा मिनिटं गेली. मग अट मधे घुसवली आणि दोघांनी खाली सह्या केल्या.

मी वृंदाला फोन लावून फुग्यांची तीन इंग्रजी अक्षरं सांगितली. फोन ठेवते तोवर भाऊसाहेब माझ्या मांडीवरच्या दुपट्यावर वाकले होते. हजेरी घ्यावी तसे मोठ्याने म्हणाले, "जुई." मग बाबा म्हणाले. मग परत भाऊसाहेब, जरा हळू. मुलगी दचकून रडायला लागली, मी दोघांना हाताने बाजूला सारलं, तरी ते थांबेनात.